आदिलशाहीतील बिशप मातेउस दे कास्त्रो



आपला बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. म्हणून पुष्कळांना वाटते, की दख्खनला बिशप मिळाले ते अलीकडेच. परंतु विजापूरच्या मुस्लिम सुलतानांच्या राज्यातील मूठभर ख्रिस्ती लोकांसाठी १६३७ सालीच बिशप नेमले गेले होते आणि ते परदेशी नव्हते. आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

मातेउस दे कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्यातील दिवाडी बेटावर, महाले या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात झाला. रेइस मागोस येथे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंजवळ ते शिकले. त्यांना गुरुदीक्षा हवी होती. पण गोव्याच्या आर्चबिशपांनी नकार दिला. ते येथल्या मातीतले, हाच काय तो अडसर!

ते खचले नाहीत. १६२५ साली ते थेट रोमला पोहोचले. तेथे १६२२ साली श्रद्धाप्रसार मंडळ स्थापन झाले होते आणि त्याचे सचिव इंगोली यांना देशी धर्मगुरू हवेच होते. १६३० च्या सुमारास मातेउस धर्मगुरू झाले. परंतु गोव्यात परतल्यावर त्यांचे अधिकार कोणी मानेनात. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ साली पोप आठवे अर्बन यांच्या कारकिर्दीत त्यांना बिशपपद मिळाले. लॅटिन विधीतील ते पहिले भारतीय बिशप होत.

नेमणूक विजापूरसाठीच का? गोव्यात बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. आदिलशाहीत त्या राजाची सत्ता चालत नव्हती; तेथे पोप महोदय आपला प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्तोलिक, पाठवू शकत होते. बिशप मातेउस डिचोलीला राहिले. ते गाव तेव्हा आदिलशाहीत होते. गोलघुमट बांधणाऱ्या मोहम्मद आदिलशहाच्या मुलखात त्यांना आसरा मिळाला. स्वधर्मीयांच्या गोव्यात मात्र नाही. डिचोलीत त्यांनी देशी तरुणांना गुरुदीक्षा दिली. पोर्तुगीजांनी तीही अमान्य केली.

येथे आम्हांला एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. अन्यायाने त्यांचे मन कडवट झाले. पोर्तुगीजांविरुद्ध त्यांनी १६५३ साली एक लेख लिहिला, तो केवळ ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून. रंगावरून स्वतः नाकारले गेलेले बिशप जातीची भिंत मात्र ओलांडू शकले नाहीत. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी रोममध्ये काढली. १६७७ च्या सुमारास ते वारले.

त्यांचे कष्ट वाया गेले काय? नाही. त्यांच्यामागून १६६९ साली कुस्तोदियो दे पिन्हो हे दुसरे गोवेकर व्हिकार अपोस्तोलिक झाले. आज आपल्या देशात सर्वत्र भारतीय बिशप आहेत, हे आपण सहज धरून चालतो. त्यामागे पुन्हा पुन्हा रोम गाठणाऱ्या या माणसाची पायपीट आहे.

बंधुभगिनींनो, आपणही संख्येने थोडे आहोत. आपली कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. बाहेरच्यांनी आपल्याला कमी लेखले, की आपल्याला दुःख होते. मग आपल्याच मंदिरात, बाकावर शेजारी कोण बसला आहे, हे आपण का पाहतो? दुसऱ्याने केलेला अन्याय आपल्याला चटकन दिसतो. आपल्या हातून होणारा दिसण्यासाठी कृपा लागते. या रविवारी पवित्र मिस्सामध्ये आपण तीच कृपा मागू या.