जर्मेन आंरी हेस

जर्मेन आंरी हेस (१८०२–१८५०) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले रशियन रसायनशास्त्रज्ञ होते. ऊष्मारसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

जीवन

हेस यांचा जन्म जिनिव्हा येथे झाला. वडील चित्रकार होते. रशियातील एका श्रीमंत कुटुंबात शिक्षकाची नोकरी मिळाल्याने ते १८०५ मध्ये सहकुटुंब तेथे गेले. हेस यांनी दोर्पात (सध्याचे तार्तू) विद्यापीठातून १८२५ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. स्टॉकहोम येथे बर्झेलियस यांच्या सहवासात त्यांची रसायनशास्त्राची ओढ दृढ झाली. सायबेरियातील इर्कुत्स्क येथे वैद्यकी करत असतानाही त्यांनी खनिजांचा अभ्यास सुरू ठेवला. १८३० पासून सेंट पीटर्सबर्ग हीच त्यांची कर्मभूमी झाली. तेथे लिहिलेले त्यांचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक रशियात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

हेसचा नियम

सल्फ्युरिक आम्ल कमीअधिक विरल करून हेस यांनी त्याचे अमोनियाने उदासिनीकरण केले. विरलनाची व उदासिनीकरणाची उष्णता मिळून होणारी बेरीज प्रत्येक वेळी सारखीच आली. यावरून १८४० मध्ये त्यांनी नियम मांडला : अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता तीच राहते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व तेव्हा प्रस्थापित व्हायचे होते. मायर आणि ज्यूल यांचे कार्य त्यानंतरचे आहे. ‘एन्थॅल्पी’ हा शब्दही विसाव्या शतकातला.

उदाहरण

६ ग्रॅम, म्हणजे ०.५ मोल, कार्बन पूर्ण जळाल्यास १९६.७५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. भागाकाराने दर मोलचा एन्थॅल्पी बदल −३९३.५ किलोज्यूल येतो. ऋण चिन्ह उष्णता बाहेर पडल्याचे दर्शवते. मात्र कार्बनपासून केवळ कार्बन मोनॉक्साइड बनवून त्याची उष्णता थेट मोजणे कठीण असते, कारण सोबत थोडा कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनाचे मूल्य (−२८३.०) वजा केले, की −११०.५ किलोज्यूल हे उत्तर मिळते. जे मोजता येत नाही, ते गणिताने काढण्याची वाट या नियमाने खुली केली.

महत्त्व

महाराष्ट्रात बारावीच्या रसायनशास्त्रात हा नियम अभ्यासाला आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकवल्या जाणाऱ्या रासायनिक अभियांत्रिकीत उष्णतेचा ताळेबंद याच तत्त्वावर मांडतात. प्रकृती ढासळल्याने हेस यांचे अखेरचे संशोधन थांबले आणि वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चांदी व टेल्युरियमच्या ‘हेसाइट’ या खनिजालाही त्यांचे नाव दिलेले आहे.