वैमानिक जहांगीर रतनजी टाटा

मुंबई आणि हैदराबाद या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढून पाहा. ती आपल्या धाराशिव जिल्ह्यावरून जाते. आषाढ लागला म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर पश्चिमेचा वारा किती जोराने वाहतो, हे तुम्हा सर्वांस ठाऊक आहेच. अशा वाऱ्यांतून एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानाने टपाल नेण्याचा उद्योग ज्या पुरुषाने आपल्या देशात उभारला, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी हे विख्यात टाटा घराण्यातील; माता सुझान या फ्रेंच. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी राहात असे. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे तेथील त्यांचे शेजारी. तेथील वाळूवर उतरणारी विमाने पाहून या बालकाच्या मनात उड्डाणाची जी ओढ उत्पन्न झाली, ती अखेरपर्यंत टिकली. १९२६ साली पितृछत्र हरपले आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी घराची व उद्योगाची जबाबदारी शिरावर आली. तरीही त्यांनी तो ध्यास सोडला नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

आगाखान यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. जहांगीरजी कराचीहून निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनास स्पार्क प्लग हवा होता आणि जवळ जादा नव्हता. जहांगीरजींनी आपल्याजवळचा काढून दिला. पुढे अस्पी काही तास आधी पोहोचला आणि पारितोषिक त्यास मिळाले. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्रज वायुदलातील माजी वैमानिकाने हवाई टपालाची योजना जहांगीरजींपुढे मांडली होती. सरकारने आर्थिक साहाय्य नाकारले, तरी दोघे मागे हटले नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जहांगीरजी पस मॉथ जातीच्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले व अहमदाबादेस इंधन भरून दुपारी जुहूस उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पुढे हैदराबाद हेही या मार्गावरील ठाणे झाले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून तेव्हा पुण्याहून उड्डाणे होत. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. नदी, लोहमार्ग आणि डोंगर पाहून वाट ओळखावी लागे. असे असूनही १९३३ साली या विमानांनी १,६०,००० मैलांचा प्रवास केला.

अशा हलक्या विमानास वाऱ्याचा हिशेब कसा करावा लागतो, तो पाहा. मुंबई ते हैदराबाद अंतर सुमारे ३९० मैल. विमानाचा वेग ताशी १०० मैल धरला, तर वारा नसताना ३ तास ५४ मिनिटे लागतील. ताशी ३० मैलांचा वारा पाठीशी असेल तर तीनच तासांत पोहोचता येईल. परंतु तोच वारा परतताना समोरून आला, तर ५ तास ३४ मिनिटे लागतील. म्हणजे जाताना ५४ मिनिटे वाचली, पण येताना १०० मिनिटे अधिक गेली! म्हणून पाठच्या वाऱ्यावर भुलून जो दूरवर जातो आणि परतीचे इंधन मोजत नाही, तो संकटात सापडतो. शिवाय उतरताना विमानाचे तोंड वाऱ्याकडेच करावे लागते; वारा पाठीशी घेऊन उतरल्यास विमान धावपट्टीवर लवकर थांबत नाही. आकाशात जो मित्र, तोच जमिनीजवळ वैरी होतो.

त्या लहानशा टपालसेवेतूनच १९४६ साली एअर इंडिया कंपनी झाली आणि १९४८ साली तिची विमाने लंडनला जाऊ लागली. १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. तथापि १९७८ पर्यंत अध्यक्षपद जहांगीरजींकडेच राहिले. पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ हे जुने विमान एकट्याने चालवीत कराची ते मुंबई हा मार्ग पुन्हा आक्रमिला. १९९२ साली त्यांस भारतरत्न हा सन्मान लाभला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

श्रीमंत कुळातील जन्म हाही एक पाठचा वाराच होय. तो त्यांस लाभला होता. परंतु त्यास त्यांनी आपले कर्तृत्व मानले नाही. वेळ पाळणे, यंत्र तपासणे, इंधन मोजणे ही कामे त्यांनी कधी वाऱ्यावर सोपविली नाहीत आणि अडलेल्या प्रतिस्पर्ध्यास साहाय्य करताना आपली हानी पाहिली नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या पाठीशी आईबापांच्या कष्टांचा वारा असेल, कोणास समोरच्या वाऱ्याशीच झुंजावे लागत असेल. वारा कोणताही असो, हिशेब चोख ठेवा आणि वाटेत कोणी अडला तर आपल्याजवळचे देण्यास मागेपुढे पाहू नका.