शरीरातले पहारेकरी ओळखणारा माणूस

शास्त्रज्ञ म्हटलं की घरादाराचं भान नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. एली मेचनिकॉफ यांचं मात्र घरच क्षयाने उद्ध्वस्त केलं होतं.

१८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळ त्यांचा जन्म झाला. १८६९ मध्ये लुडमिलाशी लग्न ठरलं. क्षयाने ती इतकी खंगली होती, की नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. तरी त्यांनी लग्न मोडलं नाही. हवापालटासाठी तिला मदेरा बेटावर नेलं, पण १८७३ मध्ये ती गेलीच. दुःखाने त्यांनी स्वतःचा जीव द्यायचाही प्रयत्न केला. सुदैवाने वाचले.

१८७५ मध्ये ओल्गाशी दुसरं लग्न झालं. पुढे तिच्या भावंडांनाही त्यांनी सांभाळलं. १८८२ मध्ये हे कुटुंब इटलीतल्या मेसिना इथे होतं. एके दिवशी सगळे सर्कशीला गेले आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचं पारदर्शक पिल्लू पाहत बसले. आतल्या फिरत्या पेशी बघून त्यांच्या मनात आलं, बाहेरचं काही अंगात घुसलं तर या धावून जात असतील का? बागेतून गुलाबाचे काटे आणून टोचले. सकाळी पाहतात तर काट्यांभोवती पेशींचा गराडा! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतूंना अशाच गिळतात, हे त्यांनी मांडलं. खूप विरोध झाला, पण १९०८ मध्ये पॉल अर्लिख यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. १९१६ मध्ये ते गेले.

क्षयाचा जंतू मात्र मोठा लबाड. गिळला तरी पचत नाही, पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. रक्तातली प्रतिपिंडं तिथे पोचत नाहीत. नंतरच्या संशोधकांना कळलं, की तेव्हा टी-पेशी मदतीला येतात. त्या एक रसायन सोडून गिळणाऱ्या पेशींना बळ देतात. मग जंतू मरतो, नाहीतर भोवती गाठ बांधून त्याला कोंडलं जातं. कोंडलेला जंतू वर्षानुवर्षं झोपून राहतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही यांनी ताकद घटली, की उठतो.

वस्तीत काम करताना मी पाहते, लग्न मोडेल म्हणून मुलीचा खोकला लपवतात, आजारी सुनेला माहेरी धाडतात. थोडं बरं वाटलं, की गोळ्या बंद! अहो, लपून झोपलेले जंतू मरायला वेळ लागतो. म्हणूनच साध्या क्षयालाही निदान सहा महिने औषध असतं. मध्येच सोडलं तर जंतू औषधालाही दाद देत नाही.

लुडमिलाच्या काळी या रोगावर औषधच नव्हतं. आज सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लाजू नका, थुंकी तपासून घ्या. आणि घरातल्या लेकीसुनेच्या ताटात डाळ, अंडं, दूध वाढायला विसरू नका. तिच्या आतल्या पहारेकऱ्यांनाही जेवण लागतंच ना!