सव्वाशे डॉलरची मुलगी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला, हे चळवळीच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या वर्षी फिलाडेल्फिया शहरात काळ्या मुलामुलींच्या एका विद्यालयाचा कारभार एक बाई पाहत होत्या. त्या स्वतः गुलाम म्हणून जन्मल्या होत्या. फॅनी जॅक्सन कॉपिन त्यांचे नाव. बुकर टी. वॉशिंग्टन आमच्या वक्त्यांना पाठ आहेत. फॅनीबाई मात्र आमच्या कुठल्याच भाषणात येत नाहीत. त्या यायला हव्यात, असे आम्हाला वाटते.

१८३७ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांचा जन्म झाला. आजोबांनी स्वतःला आणि आपल्या काही मुलांना पैसे मोजून सोडवून घेतले, पण फॅनीची आई त्यातून राहिली. मग मावशी पुढे आली. महिना सहा डॉलरवर राबणाऱ्या या मावशीने सव्वाशे डॉलर साठवले आणि भाचीला विकत घेऊन मोकळे केले. वाचकांनी हिशेब करून पाहावा. एक पैसाही न खाता साठवले तरी जवळजवळ पावणेदोन वर्षांचा पगार!

पुढे न्यूपोर्टला एका गोऱ्या कुटुंबात फॅनी मोलकरीण होती. तुटपुंज्या पगारातून तिने खासगी शिकवणी लावली. नंतर ऱ्होड आयलंडच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत आणि १८६० साली ओहायोतील ओबर्लिन कॉलेजात ती गेली. तिथे मुलींसाठी हलका अभ्यासक्रम होता. हिने लॅटिन, ग्रीक, गणिताचा, पुरुषांचा म्हणून समजला जाणारा अभ्यासक्रम घेतला. वर्गात उत्तर द्यायला उभे राहताना साऱ्या समाजाची इज्जत आपल्या खांद्यावर आहे असे तिला वाटे. हे ओझे काय असते, ते आमच्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला विचारा. तिथेच तिला गोऱ्या मुलांच्या वर्गावर शिकवायला नेमले. मुलांनी बंड केले तर आम्ही जबरदस्ती करणार नाही, असे कॉलेजने आधीच बजावले होते. बंड झाले नाही. उलट वर्ग इतका वाढला की त्याचे दोन भाग करावे लागले.

१८६५ साली पदवी घेऊन फॅनीबाई फिलाडेल्फियाच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ’मध्ये आल्या. शाळा क्वेकर पंथीय गोऱ्यांनी चालवलेली, पण शिकवणारे काळे. १८६९ साली तिथले प्राचार्य एबेनेझर बॅसेट यांना राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी हैतीत अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पाठवले आणि प्राचार्यपद फॅनीबाईंकडे आले. दोनच वर्षांनी, १८७१ च्या निवडणुकीच्या दिवशी, याच शाळेतले शिक्षक ऑक्टेव्हियस कॅटो यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. काळ्यांनी मतदान करावे यासाठी ते झटत होते. अशा शहरात ही शाळा चालवायची होती.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. गुलामी संपली आणि गावोगाव काळ्यांच्या शाळा निघाल्या. शिक्षक कुठून आणायचे? मागणी एवढी की फॅनीबाईंचे विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच नोकरीवर उचलले जात. दुसरी एखादी प्राचार्या यावर खूश झाली असती, आकडे छापले असते. फॅनीबाईंना ते खुपले. ज्याला ग्रीक येते त्याला ग्रीक शिकवता येतेच असे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. समाजाच्या मुलांपुढे कच्चा शिक्षक उभा करणे म्हणजे त्या मुलांचीच फसवणूक. म्हणून व्यवस्थापकांच्या मागे लागून त्यांनी शाळेतच शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करून घेतला. आधी अध्यापनाचे आणि शाळा चालवण्याचे शास्त्र, मग शाळेच्याच खालच्या वर्गांवर प्रत्यक्ष शिकवणे. आपल्याकडे डी.एड. झालेल्यांना सराव पाठ माहीत आहेत, तसेच हे. फिलाडेल्फिया आणि शेजारच्या कॅम्डेनमधल्या काळ्या शिक्षकांत याच शाळेतून बाहेर पडलेल्यांची बहुसंख्या झाली ती यामुळे.

छडी त्यांनी शाळेतून बंद केली. वर्गात कुठल्याही मुलाला ‘ढ’ म्हणायचे नाही, आणि त्याच्या आईबापांविषयी वावगा शब्द काढायचा नाही, हे त्या शिक्षकांना सांगत. मूल मागे पडत असेल तर आधी कारण शोधा, त्याच्या पोटात अन्न आहे की नाही ते पाहा. आणि मुलाला सुधारण्यासाठी जेवढी धडपड कराल, तेवढीच स्वतःला सुधारण्यासाठी करा. आपल्या वस्तीतल्या मुलांना शाळेत कोणत्या विशेषणांनी हाक मारली जात होती, हे आम्ही इथे लिहीत नाही. वाचकांना ती आठवत असतील.

१८८९ साली त्यांनी औद्योगिक विभाग उघडला. गवंडीकाम, सुतारकाम, छपाई, शिवणकाम. त्यासाठी दहा वर्षे त्या पैसे गोळा करीत फिरल्या होत्या. मात्र हातांना काम मिळाले म्हणून लॅटिन-ग्रीक काढून टाकले नाही. कारागिरीच पुरे, असे काळ्यांना सांगणारे तेव्हा गोऱ्यांत पुष्कळ होते आणि काळ्यांतही होते.

१८८१ साली त्यांनी धर्मोपदेशक लेव्ही कॉपिन यांच्याशी विवाह केला, तरी शाळा सोडली नाही. सोडली ती १९०२ साली, सदतीस वर्षांनंतर. मग पतीबरोबर दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेल्या. २१ जानेवारी १९१३ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. त्यात आठवणी आहेत, आणि वाचन, व्याकरण, भूगोल, गणित कसे शिकवावे याच्या शिक्षकांना सूचनाही आहेत. बाल्टिमोरच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेला १९२६ साली त्यांचे नाव दिले गेले. तीच आजची कॉपिन स्टेट युनिव्हर्सिटी.