जोतीराव आणि जमिनीची भूक

शहापूर-मुरबाडच्या खाचरांत भात पिवळे दिसले की अनेकजण युरियाची आणखी एक गोणी आणतात. थकवा आला की रुग्ण टॉनिक मागतो, तसेच हे. नेमके काय कमी पडले, हे दोन्हीकडे आधी पाहायला हवे. जमिनीच्या या उपासमारीकडे 1883 साली महात्मा जोतीराव फुल्यांनी लक्ष वेधले होते.

जोतीरावांचा जन्म 1827 चा, फुलांचा व्यवसाय करणाऱ्या माळी कुटुंबातला. 1848 ची मुलींची शाळा आणि 1873 चा सत्यशोधक समाज सर्वांना ठाऊक आहे. ते शेतकरी आणि कंत्राटदारही होते, हे मात्र कमी आठवते. पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती.

‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगरापासून सुरुवात केली. झाडांचा पाला, गवत, मेलेले जीव कुजून पावसाबरोबर शेतात येत. तेच जमिनीचे खत. पुढे जंगलखात्याने गुरांची चराई बंद केली, जनावरे घटली, शेण कमी झाले. धुपलेली माती ओढ्यानदीत गेली. ताली-बंधारे घाला आणि तलावांत साचलेला गाळ शेतात परत आणा, असा त्यांचा आग्रह होता.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिगने त्याच शतकात एक नियम लोकप्रिय केला: जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच पिकाची वाढ अडवते. म्हणून नुसत्या नत्राने भात हिरवेगार होते, पण लोळते आणि रोगाला बळी पडते. मुळांना स्फुरद हवे, खोडाला व दाण्याला पालाश. साचलेल्या पाण्यात जस्त पिकाला कमी मिळते. मग पानांवर तांबूस ठिपके येतात.

1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केले. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले. रक्तदाब मोजण्याचे दंडाच्या पट्ट्याचे यंत्र त्यानंतर 6 वर्षांनी आले.

आज रक्तदाबही मोजता येतो आणि मातीही. कापणीनंतर, खत टाकण्यापूर्वी शेतातल्या आठ-दहा जागांची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करा, त्यातली अर्धा किलो सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्या. अहवाल पाहूनच गोणी घ्या. जोडीला शेणखत हवेच, आणि बांध शाबूत हवा.