आना झेगर्स : निर्वासन, स्मृती आणि मौन

देश सुटला की लेखकाची भाषा, नाव आणि वाचक या तिन्हींशी असलेला संबंध पालटतो, आणि मायदेशी परतल्याने तो पूर्ववत होतोच असे नाही. आधुनिक जर्मन साहित्यात ही गोष्ट आना झेगर्स यांच्या चरित्रातून विशेष स्पष्टपणे दिसते.

१९ नोव्हेंबर १९०० रोजी ऱ्हाइनकाठच्या माइन्त्स या नगरात एका सुस्थित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव नेट्टी राइलिंग. वडील कलावस्तूंचे व्यापारी होते. रेम्ब्रांटच्या कलाकृतींतील ज्यू जीवनावर प्रबंध लिहून त्यांनी १९२४ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढल्या वर्षी लास्लो राद्वान्यी या हंगेरियन विचारवंताशी त्यांचा विवाह झाला. लेखनासाठी त्यांनी रेम्ब्रांटच्या काळातील एका डच चित्रकाराचे आडनाव स्वीकारले. अशा रीतीने निर्वासनापूर्वीच त्यांनी एक दुसरी ओळख स्वेच्छेने धारण केली होती. १९२८ मध्ये कोळ्यांच्या उठावावरील कथेसाठी त्यांना क्लाइस्ट पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य झाल्या.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू आणि कम्युनिस्ट अशा दोन्ही नात्यांनी त्या नव्या राजवटीच्या शत्रू ठरल्या. स्वित्झर्लंडमार्गे त्या पॅरिसला गेल्या. तेथेच ‘सातवा क्रूस’ ही कादंबरी आकाराला आली. छळछावणीतून पळालेल्या सात कैद्यांपैकी एकच निसटतो आणि त्याच्यासाठी उभारलेला क्रूस रिकामा राहतो, हे तिचे कथासूत्र आहे. ज्या ऱ्हाइनकाठी परतणे अशक्य झाले होते, तेथील गावे, वाटा आणि बोली या कादंबरीत केवळ स्मरणाच्या बळावर उभ्या राहिल्या आहेत.

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. पती फ्रान्समधील छावणीत स्थानबद्ध असताना दोन मुलांना घेऊन झेगर्स दक्षिणेकडे निसटल्या. मार्सेय येथे परवान्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवल्यावर १९४१ मध्ये हे कुटुंब जहाजाने निघाले आणि अखेर मेक्सिकोला पोहोचले. मार्सेयमधील त्या ताटकळण्यातून ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी निर्माण झाली. तिचा नायक मृत लेखकाच्या कागदपत्रांवर वावरतो. माणसाची ओळख शिक्क्यांवर अवलंबून राहिली की ती किती पोकळ होते, याचे हे दर्शन होय. जर्मन निर्वासितांची ही कथा १९४४ मध्ये आधी इंग्रजी आणि स्पॅनिश अनुवादांतून प्रकट झाली. जर्मन भाषेत ती ग्रंथरूपाने १९४८ मध्ये आली, हेही सूचक आहे.

माइन्त्समध्ये राहिलेल्या आईला सोडवण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. मार्च १९४२ मध्ये तिला पोलंडमधील पियास्की येथे पाठवण्यात आले. ती परतली नाही. जून १९४३ मध्ये मेक्सिको नगरात मोटारीच्या अपघाताने झेगर्स यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली आणि काही काळ त्यांची स्मृतीच हरपली. त्या आजारातून उठल्यावर त्यांनी ‘मृत मुलींची सहल’ ही दीर्घकथा लिहिली. आजारातून सावरणारी निवेदिका मेक्सिकोच्या रखरखीत भूमीत फिरता फिरता शाळेच्या जुन्या सहलीत जाऊन पोहोचते. प्रत्येक मैत्रिणीच्या वाट्याला पुढे काय येणार हे तिला ठाऊक आहे. कोणी छळछावणीत मरते, तर तिची जिवलग मैत्रीण नाझी होऊन तिच्या मुलीला आसरा नाकारते. या कथेत निवेदिकेला नेट्टी या नावाने हाक मारली जाते. टोपणनावामागे गेलेले जन्मनाव येथे परत येते. घराच्या जिन्याशी मात्र ती थबकते. आईपर्यंत तिला पोहोचता येत नाही. सहलीचे वर्णन लिहिण्याचे बाईंनी दिलेले काम पुरे करण्याचा निश्चय तेवढा तिच्यापाशी उरतो.

१९४७ मध्ये झेगर्स बर्लिनला परतल्या. त्याच वर्षी त्यांना ग्योर्ग ब्यूख्नर पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी पूर्व जर्मनीत वास्तव्य केले आणि १९५२ ते १९७८ या काळात तेथील लेखक संघाचे अध्यक्षपद भूषवले. १९५७ मध्ये प्रकाशक वाल्टर यांका यांच्यावर राजद्रोहाच्या आरोपाखाली खटला चालला. याच यांकांनी मेक्सिकोत निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेतून ‘सातवा क्रूस’ जर्मन भाषेत छापली होती. न्यायालयात झेगर्स उपस्थित होत्या, पण जाहीरपणे त्या काही बोलल्या नाहीत. पडद्याआड त्यांनी रदबदली केल्याचे सांगितले जाते. निर्दोष माणसाला दोषी ठरवण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशाची कथा त्यांनी त्या सुमारास लिहिली. तीही त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिली. १ जून १९८३ रोजी त्यांचे निधन झाले आणि ही कथा १९९० मध्ये प्रसिद्ध झाली.

या मौनाला केवळ भित्रेपणा म्हणणे हे चरित्राचे सुलभीकरण ठरेल, आणि पक्षनिष्ठेच्या नावाने त्याचे समर्थन केल्यास त्यांच्या साहित्यातील नैतिक आग्रहावरच अन्याय होईल. परदेशात असताना सारे गमावल्यामुळे त्यांची स्मृती निर्भय होती. स्वदेशी परतल्यावर नव्याने मिळालेले घर जपायचे होते. मृत मैत्रिणींचे ऋण फेडणारी लेखणी जिवंत सहकाऱ्यासाठी जाहीरपणे पुढे आली नाही, ही विसंगती वगळून झेगर्स यांच्या अस्मितेचा विचार पूर्ण होत नाही.