श्रीमंत सयाजीराव गायकवाड आणि त्यांचे ग्रंथालय

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात गोपाळराव नावाचा मुलगा जन्मास आला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळखही नव्हती. वर्गात मागे पडल्यामुळे आमचे जे विद्यार्थी खिन्न असतात, त्यांनी एवढी गोष्ट ध्यानी धरावी. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यास दत्तक घेतले व गोपाळरावाचे सयाजीराव झाले. इलियटसाहेबांच्या हाताखाली त्यांनी नेटाने अभ्यास केला आणि १८८१ साली बडोद्याचा कारभार हाती घेतला.

त्यांच्या सर्व सुधारणा सांगू लागलो, तर संपादक आमची लेखणी आवरतील. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सुटल्यावर पुस्तक दृष्टीसच पडले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसून जातात, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. तेथील ग्रंथपाल बॉर्डन यांस १९१० साली त्यांनी बडोद्यास आणविले आणि राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ प्रजेच्या स्वाधीन केले. वाचकांकडून वर्गणी घेतली जात नसे.

खेड्यांसाठी निराळी योजना होती. गावकऱ्यांनी खर्चाचा तिसरा हिस्सा जमविला, की उरलेले दोन हिस्से सरकार व प्रांत पंचायत देत. जेथे तेही जमेना, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात; वाहतुकीचा खर्च सरकारचा. अणदूरचा खंडोबा दरवर्षी काही काळ नळदुर्गास मुक्कामास जातो, हे आपण पाहतोच. बडोद्याची ती पुस्तकेही अशीच एका गावचा मुक्काम आटोपून दुसऱ्या गावी निघत.

बडोद्यातील मांडवी भागात १९३१ साली मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत झाली. आत पोलादी कपाटांचे मजल्यावर मजले, आणि मधली जमीन जाड काचेची! दिवसाचा उजेड वरच्या मजल्यावरून खाली झिरपावा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरील नाव दिव्यावाचून वाचता येईल, हा हेतू. काचेवर पाऊल टाकताना नवखा मनुष्य क्षणभर दचकतोच. या ग्रंथालयाने स्त्रियांसाठी व बालकांसाठी स्वतंत्र विभाग ठेवले होते. बालकांच्या दालनात चित्रे व खेळही असत. बाराव्या वर्षापर्यंत ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते, त्यांनी इतरांच्या मुलांसाठी ही तजवीज केली.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. मांडवीतील ते ग्रंथालय आजही वाचकांस खुले आहे.